तानुबाईंचा चहा

३ मार्च
आज नर्स म्हणून रुजू झाले. मानवतच्या अलीकडं दोन खोल्यांचा दवाखाना, दारात कडुनिंब, समोर कापसाचं जिनिंग. डॉक्टर नचिकेत सर मोकळ्या स्वभावाचे. झाडलोट करणाऱ्या सरजाबाईंनी माझी मोठी ट्रंक पाहून विचारलं, नोकरीला आलाव का नांदायला? हसू आवरेना. शाळेआधी बाबांनी मला घरीच शिकवलं. पहिला धडा अक्षरांचा नव्हता: आपल्या पणजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, म्हणून कुणी प्रेमानं पेला पुढं केला तर आपण नाकारायचा नाही.

५ मार्च
जिनिंगमधल्या पप्पूला चौघांनी धरून आणलं. अंग भट्टीसारखं, जबडा आवळलेला. सर म्हणाले, जागं ठेवणाऱ्या रासायनिक नशेचं विष आहे. बांधू नका, ओली चादर, पंखा, बर्फ, झोपेचं इंजेक्शन. मी सगळं केलं, पुन्हा तपासलं. संध्याकाळी तो निवला. त्याच्या आईनं, तानुबाईंनी, थर्मासमधला पहिला कप मला दिला. पोरगी लय राबायलीय, म्हणाल्या. चहा कडसर होता. संपवला.

६ मार्च
पप्पू सकाळी बरा होता. आईचा चहा घेतला आणि थोड्या वेळात पुन्हा भडकला. इथं पडल्यापडल्या नशा चढली कशी? मलाही झोप नाही. दात आपोआप एकमेकांवर घासले जातात. दवाखान्याची धास्ती असेल.

७ मार्च
पप्पूला झटके आले. सर त्याला अॅम्ब्युलन्सनं परभणीला घेऊन गेले. पेटीत झोपेचं एकच इंजेक्शन उरलंय, जपा, म्हणाले.
मग सुचलं. परभणीच्या बसला निघालेल्या तानुबाईंना विचारलं, चहात काय घालता? पदराची गाठ सोडून पुडी दाखवली. ताकदीची हाय, जिनिंगचा मुकादम रातपाळीला देतो, पप्पू हीच खातो. तुमी लय वाळल्या दिसता, म्हणून तुमाला जरा जास्तच.
मी सकाळीच दोन कप प्यायले होते.

दुपार
छाती धडधडतेय. अंग पेटलंय — सरांचा फोन लागत नाही. सरजाबाईंना बर्फाला पाठवलं. इंजेक्शन मलाच घ्यावं लागणार.

पप्पू परत आला. कॉटवर बसलाय. कसा आला, विचारलं नाही — भाजतोय तो. इंजेक्शन एकच. तो की मी —
पेशंट आधी. दिलं. शांत पडला.

सरजाबाई दारात. विचारतायत, शिस्टर, गादीला सुई काऊन टोचली?
गादी ओली. कॉटवर कुणी नाही.

बर्फ काखेत ठेवा, मानेला — सांगायचंय, जबडा उघडत नाही. इथं लिहिलं. वही पुढं धरली. त्या नुसत्या बघतायत. त्यांना वाचता ये