आईचा कंप्युटर पुसला

३ मार्च, मंगळवार

उघडलंच तिने! मी फोनवर कंठशोष करत होते — आई, त्या मेलला हात लावू नकोस, मी येते. "बरं," म्हणाली आणि उघडलं. संध्याकाळी घरी पोचले तर स्क्रीनवर खिडकीवर खिडकी. एक बंद केली की दोन हजर. कुठे लॉटरी, कुठे गुडघ्याचं औषध.

मेल दादाच्या नावाने आलेला. 'फोटो पाठवलाय, बघ.' बस, एवढंच. बाबा गेल्यावर घर विकण्यावरून दादा आणि आई भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. 'तुझं तोंड बघणार नाही' हे आधी कोण म्हणालं, यावर आत्या आणि मी अजून वाद घालतो. त्याने गाव बदललं, फोन बदलला, मेलचा पत्ताही बदलला. आणि आता म्हणे फोटो पाठवतोय!

फाडफाड बोलले आईला. हे भामटे असतात, नावं चोरतात, दुसरीतल्या पोरालाही कळतं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "नाव तर त्याचंच होतं."

तो मेल माझ्यासमोर कचऱ्यात टाकायला लावला. टाकला. इतक्या निमूटपणे टाकला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

४ मार्च, बुधवार

ऑफिसातल्या सिस्टिमवाल्याला विचारलं. हा माणूस आधी दोषी ठरवतो, मग प्रश्न ऐकतो. "कुणी उघडलं?" "आईने." "वाटलंच." म्हणाला, औषधपाणी करत बसू नका. हवं ते काढून घ्या, डिस्क पुसा, सिस्टिम नव्याने टाका. पेन ड्राइव्हवर सगळं भरून देतो म्हणाला. दिला एकदाचा, पण उपकार केल्यासारखा.

आई आज त्या खोलीत गेलीच नाही. आजाऱ्याच्या खोलीचं करतात तसं दार लोटून ठेवलंय.

७ मार्च, शनिवार

आज उरकलं.

सकाळपासून आई खुर्ची ओढून शेजारी. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसावं तशी. बाबांचे फोटो काढून घेतले. अख्ख्या बिल्डिंगसाठी ती टाईप करते ते अर्ज घेतले — पाणी येत नाही, लिफ्ट बंद आहे, वरच्या मजल्यावर कुत्रं भुंकतं. आई जन्मभर टायपिस्ट होती. कीबोर्डकडे न बघता दहा बोटांनी टाईप करते, पण माऊस हातात आला की जीव घाबरा होतो.

मेल हे वेगळंच प्रकरण. बाबांनी लावून दिलेली जुनी पद्धत. पत्रं थेट या मशीनमध्ये उतरतात, बाहेर कुठे प्रत राहत नाही. ती नीट काढून घेतली. आलेली घेतली, पाठवलेली घेतली.

"सगळं घेतलंस ना?" आई.

"घेतलं."

थोड्या वेळाने पुन्हा. "सगळं म्हणजे सगळं?"

"हो गं बाई, सगळं. आता बोलू नकोस, चूक होईल."

नाही बोलली ती. मशीनने विचारलं, डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जाऊ का? मी हो म्हटलं. चहा होईपर्यंत डिस्क कोरी. मग नवी सिस्टिम चढवली, मेलचा जुनाच पत्ता पुन्हा जोडला, फोटो जागच्या जागी ठेवले. माझी पाठ मीच थोपटून घेतली!

८ मार्च, रविवार

सकाळी आईची हाक. "यातली टोपली रिकामी कशी?"

टोपली म्हणजे कचरा. मी हसले. म्हटलं, कचरा कुणी बरोबर घेतं का?

तिचा चेहरा पाहिला आणि हसू तोंडातच राहिलं.

तिच्या ऑफिसात साहेब रागाच्या भरात पत्र भिरकावायचे. "फेकून द्या." आई समोरच टोपलीत टाकायची. दोन दिवसांनी साहेब यायचे — "ते पत्र कुठाय?" आई टोपलीतून काढून, हाताने सुरकुत्या मोडून पुढे करायची. टोपली कधी रिकामी करायची हे तीच ठरवायची. नोकरी संपेपर्यंत असंच चाललं. "तू रागात होतीस," म्हणाली. "म्हटलं, हिचा राग उतरला की काढू. त्याला उत्तर द्यायचं होतं."

मी सांगत राहिले — आई, तो मेल त्याचा नव्हता गं. कुणीतरी नाव चोरलं होतं. ती म्हणाली, "असेल." आणि उठून दूध बघायला गेली.

९ मार्च

आई बोलते. दूध आलं, गॅस बदलला, इस्त्रीवाला येऊन गेला. तेवढंच.

१० मार्च, मंगळवार

पेन ड्राइव्ह परत करायला गेले. सिस्टिमवाल्याला म्हटलं, चोरांनी माझ्या भावाचं नाव बरोबर कुठून शोधलं हो? हा हसला. म्हणाला, "कुणी शोधलं नाही. तुमच्याकडे आला तो व्हायरस नाव चोरणारा नाही. एका मशीनमध्ये शिरतो, तिथे जेवढे पत्ते साठवलेले असतील त्या सगळ्यांना तिथूनच स्वतःला पाठवतो. तुमच्या भावाचं मशीनही आजारी असणार. कळवा त्यांना."

कळवा त्यांना! कुठे कळवू?

म्हणजे तो मेल दादाच्या मशीनमधून आला होता. त्याच्या खऱ्या पत्त्यावरून. तो पत्ता चार दिवस आमच्या घरात होता आणि मी हो म्हणून पुसला. पुसलेलं परत मिळेल का, विचारलं. "त्यावर नवी सिस्टिम टाकलीत ना? मग विसरा."

वाटेत दोनदा रडू आलं. मला सगळं कळतं, ही माझी खोड. आई दोनदा विचारत होती. 'सगळं म्हणजे काय गं?' एवढं एकदा मी उलट विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

११ मार्च

आईला सांगायचं धाडस झालं नाही.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं. स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत होती तेव्हा. चिडेल, निदान टोमणा मारेल असं वाटलं होतं. पातेलं पुसून झालं तरी ती पुसतच राहिली.

"म्हणजे माझा पत्ता त्याने ठेवलाय," म्हणाली.

मी म्हटलं, पण त्याचा पत्ता मी घालवला ना. तू पाहिला होतास का? आठवतो?

"नाव दिसत होतं. मुलाचं नाव दिसल्यावर पत्ता कशाला बघू?"

मला कितीही बोलली असती तरी चाललं असतं. उलट जेवताना तिनेच मला आग्रह केला.

१५ मार्च

आत्याला फोन केला. तिच्याकडेही दादाचा जुनाच नंबर. म्हणाली, "तुम्ही दोघी आणि तो, तिघांना एका पोत्यात घालून हलवायला पाहिजे."

१८ मार्च

आई हल्ली सकाळी उठल्याबरोबर मशीन चालू करते. मेल बघते. वीजबिल, सेल, दातांच्या दवाखान्याच्या शुभेच्छा. एकही टाकत नाही, माझ्यासमोर तर नाहीच. मी त्या खोलीत जायचं टाळते.

२१ मार्च, शनिवार

दादाचा मेल. पत्त्यांच्या रांगेत बँक, प्लंबर, कुठलीशी विमा कंपनी आणि मध्येच आई. सगळ्यांना एकच मजकूर — 'माझ्या नावाने आलेला मेल चुकून गेला आहे. कृपया उघडू नये. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' मी म्हटलं, थांब, नीट विचार करून लिहू. आईने मला खुर्चीवरून उठवलं, कीबोर्डकडे न बघता टाईप केलं आणि मला न विचारता पाठवूनही दिलं.

'त्रास काही झाला नाही. असंच पाठवत जा. — आई'