पाठ ऐकणारा

रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय भाई,

सलाम. तू आणि वहिनी खुशाल असाल. इकडे सगळे बरे आहोत. मुलाला नोकरी लागली, आता तो घरी येतो ते फक्त कपडे धुवायला टाकायला. यांचं चष्म्याचं दुकान ठीक चाललंय. स्वतःचा चष्मा मात्र रोज हरवतात आणि शोधायला मला लावतात. तुझं पोट कसं आहे? तू खरं सांगत नाहीस, तेव्हा यापुढे वहिनीलाच विचारीन.

आज धर्माचा एक प्रश्न अडलाय, तुमच्या भाषेत मसला. तू मोठा आलिम झालास, लांबलांबून लोक तुला विचारायला येतात. मग घरच्या माणसाने का मागे राहावं?

दुकानावरच्या खोलीत मी मुलींना कुराण शिकवते, ते तुला ठाऊक आहे. तिथला पंखा बिघडल्यापासून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि माझा आवाज रस्त्यावर जातो. समोरच्या औषधवाल्याने इमामसाहेबांकडे तक्रार नेली. बाईचा आवाज, तोही सुरात, आणि खाली परके पुरुष उभे. त्याच्या मते बाईचा आवाजच मुळी पडद्यात हवा. यांनी त्याला विचारलं, "मग तुमच्या दुकानात बायका औषध मागतात, त्या काय खुणा करून?" त्यानंतर बरेच दिवस तो यांच्याशी बोलत नव्हता.

इमामसाहेब शांत माणूस. निरोप न पाठवता स्वतः दुकानात आले, जिन्याखाली खुर्ची टाकून बसले. मी वरून, दाराआडून बोलले. म्हणाले, "बेटी, तुझ्या आवाजात दोष नाही. पैगंबरांच्या घरातल्या बायकांनी पडद्याआडून पुरुषांना शिकवलंय. काही आलिमांचं मत याहून कडक आहे, त्यांनाही मी खोटं म्हणत नाही. तू शिकवण्यापुरतं मोठ्याने वाच. पण सूर लावलेलं वाचन परक्यांच्या कानी जाऊ देऊ नकोस." हे मध्येच म्हणाले, "म्हणजे तिने बेसूर वाचायचं?" इमामसाहेबांना हसू आलं. म्हणाले, "बेसूर नाही हो, सपाट."

तर मुलींसमोर मी सपाट वाचते. पहिले काही दिवस मध्येच सूर लागायचा, आता सवय झाली.

मसला त्याच्या पुढचा आहे. मुलींच्या आयांना माझं वाचन मोबाइलवर भरून घ्यायचंय. एकदा भरलं की ते कुणाकुणाच्या घरात, कुणाकुणाच्या कानात जाईल, सांगता येत नाही. इमामसाहेब म्हणाले, यात मतं दोन आहेत, भावाला विचार, तो माझ्याहून जास्त शिकलाय.

आता तू म्हणशील, शिकवणारी समोर बसलेली असताना भरून कशाला घ्यायचं? हुशार आहेस, म्हणशीलच. गळ्याचं एक छोटंसं काम निघालंय. गाठ आहे. वाईट नाही, तपासून झालं, घाबरू नकोस आणि वहिनीलाही घाबरवू नकोस. ती काढून टाकायची. फक्त आवाजाची नस तिला चिकटून आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक काही होणार नाही, पण आवाज घोगरा होऊ शकतो आणि एखाद्याचा तो तसाच राहतो. मी विचारलं, वरचा सूर? त्या म्हणाल्या, त्याची हमी मी देणार नाही.

यांच्यासमोर मी हसले. घरी येऊन भांडी घासताना रडले.

भाई, अब्बांनी आपल्या दोघांना एका चटईवर शिकवलं. ते कामाला गेले की तू माझा पाठ ऐकायचास, मी तुझा. सारख्या दिसणाऱ्या त्या दोन आयतींपाशी मी हमखास एका अध्यायातून दुसऱ्यात घसरायचे. तू चूक सांगायचा नाहीस, नुसता खाकरायचास. आता मी तिथे घसरत नाही. तरी पहाटेच्या नमाजानंतर स्वयंपाकघराचं दार लावून एकटी वाचत असते, तेव्हा त्या जागी आपोआप थांबते. कोणी खाकरत नाही. मग पुढे जाते.

मागच्या वेळी तू आलास तेव्हा मी अर्धं पान वाचलं आणि तू हात वर केलास. "हळू, बाहेर माझे विद्यार्थी बसलेत." बसले होते, खोटं नाही. मी गप्प झाले. तुला वाटलं असेल मी रागावले, म्हणून तेव्हापासून आपण पत्रांत हवापाण्याचंच लिहितो. मी रागावले नव्हते. मला वाटलं होतं, ते गेले की म्हणशील, हं, आता पुढे वाच. ते गेले आणि तू जेवायला बसलास.

मसल्याचं उत्तर नको. माझं मी ठरवलंय. मुलींसाठी सपाट भरून देईन, सावकाश, शिकण्यापुरतं. इमामसाहेबांनीही मान हलवली. पण अब्बांनी दिलेला सूर मी मोबाइलमध्ये घालणार नाही. तो माणसासमोर लावायचा असतो, आणि ज्यांच्यासमोर लावायला कोणाचीच ना नाही अशी माणसं माझ्याकडे मोजकी. अब्बा गेले. मुलगा ऐकता ऐकता मोबाइल बघतो. हे मन लावून ऐकतात, पण मी अख्खं पान गाळलं तरी खूश होऊन मान डोलावतात. उरला सख्खा भाऊ. त्याच्याबद्दल कडकातल्या कडक आलिमाचीही हरकत नाही. तुझी असेल तर सांग.

ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. त्याआधी ये, आणि एकटा ये. खिडक्या मी लावून घेईन, उकडलं तर सोस. मला शेवटपर्यंत वाचू दे. नंतर जसा राहील तशा आवाजात वाचेन, अल्लाची मर्जी. पण हा सूर आहे तोवर, ज्याला कळतं अशा एका माणसाने तो पुरता ऐकलेला असावा, एवढीच इच्छा आहे.

उत्तर लिहायला बसू नकोस, त्यात दिवस जातील.

आवाज अजून शाबूत असलेली,
तुझी धाकटी