ड्रमातली राख

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५
उजनीकाठ, ता. करमाळा, जि. सोलापूर

चिरंजीव दिगूस आज्जीचा आशीर्वाद.

आमी दोघी बऱ्या हाओत. म्हस बरी हाय. धरणाचं पाणी काठोकाठ हाय आन् माझा गुडघा पहिल्यासारखाच नाटकी हाय. तू तितं दोन्ही वेळा जेवतोस का? आमटीत मीठ नसलं तर मागून घे. लाजायचं तवा लाजला न्हाईस, आता मिठाला कशाला लाजतोस?

अक्षर वळखलंस ना? वळखलं तरी कागद खाली ठेवू नगोस, पुढं वाच. तुझ्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात फोन देत न्हाईत, पत्र देतात, आन् मला अक्षर येत न्हाय. गावात लिहिणारी माणसं हायती की, पर पत्र पोस्टात पडायच्या आधी पारावर वाचून झालं असतं. म्हणून तुझ्या बायकोलाच बसवलं. उत्कर्षा म्हणाली, "लिहिते, पर माझं काय लिहिणार न्हाय." मी म्हटलं, तुझं कोण लिहितंय बाई, मला ड्रमाचं सांगायचंय. जशी बोलते तशी लिही, साळंतलं घालू नगो.

तर ड्रमाचं ऐक. गंजलाय.

तू त्याला स्मोकर म्हणतोस. मला ती तेलाची दोन पिंपं, बुडाशी कोळशाची पेटी आन् वर धुराडं एवढंच दिसतं. पर त्यातनं निघालेल्या चिलापी माशाला पुण्याची पक्षी बघणारी माणसं बोटं चाटायची, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याला गंज मी लावला. घरचं माणूस परगावी गेलं की मागं लगेच झाडत न्हाईत, हे तुला ठाव हाय. मी ते जरा जास्तच ताणलं. तुझ्या शेवटच्या जाळाची राख ड्रमात होती, ती मी कुणाला काढू दिली न्हाय. म्हटलं, ज्याची हाय तो येऊन काढंल. वरनं ताडपत्री घातली आन् बाळंतिणीचं डोकं बांधावं तशी आवळली. जन्मभर मी कडधान्याला राख लावून ठेवली, कधी किडा लागला न्हाय. मला वाटलं लोखंडालाबी तसंच. श्रावण गेला, भादवा गेला. राखेनं ओल धरली आन् ताडपत्रीनं ती आत कोंडली. खंडेनवमीला पूजेसाठी सोडलं, तर बुडातनं खालचं गवत दिसलं.

उत्कर्षा बघून गेली. दुसऱ्या दिशी सकाळी बघते तर राख उकिरड्यावर आन् ही खुरपं घेऊन ड्रमापाशी. मी आडवी आले न्हाय. विचारलं, काय करतीयास? "गंज काढतीया." ते मलाबी दिसत होतं.

गंज वरनं दिसतो तेवढाच नसतो. खुरप्याचं टोक मारून बघायचं. टण् वाजलं तर पत्रा जिता, भस्सकन आत गेलं तर मेला. तिनं सगळा ड्रम वाजवून घेतला. बाजू जित्या, झाकण जितं, बुडाचा पट्टा तेवढा मेलेला. मी म्हटलं, तांब्याला लावते तशी चिंच लावू. तर म्हणती, "आज्जी, ओलं ऱ्हायलं तर सांजच्याला परत तांबडं हुईल." मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. तोंडाला ओढणी, आन् अंगभर तांबडी भुकटी. सरपंचकीला निवडून आल्यागत दिसत होती. मिरवणूक तेवढी नव्हती.

तुला वाटंल, म्हातारी गंजावरच का घुटमळती. घुटमळते, कारण पुढं बोलायचं भ्या वाटतं.

ड्रमानं पेट घेतला त्या सांजचं तुला किती आठवतं? केंद्रात विचारलं तवा तू "जाळ उठला, विझला" एवढंच सांगितलंस म्हणं. जाळ आपला आपण विझत न्हाय, दिगू. चरबी कोळशावर ठिबकत होती, बघायला कुणी नव्हतं, जाळ धुराड्याच्या वर गेला. तू पिऊन बाकड्याखाली पडला होतास. हाक मारली तर हसत होतास. गिऱ्हाइकं ताटं टाकून पळाली. तापलेलं झाकण उत्कर्षानं लावलं, उघड्या डाव्या हातानं. झाकण बसलं, वारा बंद झाला, तवा जाळ बसला. नायतर बाकड्यासकट तू गेला असतास.

हे लिहायला ती तयार नव्हती. पेन ठेवला आन् म्हणाली, "माझं काय लिहायचं न्हाय असं ठरलं होतं." मी म्हटलं, हे तुझं न्हाय, ड्रमाच्या झाकणाचं हाय. मग लिहिलं.

आता मला घोर कशाचा लागलाय ते सांगते. तिनं ड्रमाचा फोटो काढून नातेपुत्याला बापाला धाडलाय. तितल्या कुण्या हॉटेलवाल्याला पाहिजे हाय. गुरुवारी बाप जीप घेऊन येणार. ड्रमाला न्यायला येतोय का लेकीला, हे मला कुणी सांगत न्हाय. तिच्या कपड्यांची पिशवी भरून खुंटीला लावलीया. मी सरळ विचारीत न्हाय. दात न्हाईत तर भाकरी कुस्करून खावी लागती, तसं विचारते. "रंग कुठला देणार गं?" म्हणती, "बाहेरनं सायलेन्सरचा काळा. आतनं कसलाच न्हाय, आत खायचं असतं." घ्या! रंगाचं कळलं, मनाचं न्हाय.

काल जेऊरला सिद्धाराम वेल्डरकडं गेलो. त्यानं मेला पत्रा कापला आन् शेडचा पांढरा चकचकीत पत्रा उचलला. म्हणाला, हा कधी गंजायचा न्हाय. उत्कर्षा म्हणाली, "त्यावर जस्त हाय. तापलं की त्याचा धूर माशाला लागंल. साधा काळा लावा, जाड." तो म्हणाला, "वैनी, विकायचाच हाय ना? घेणारा कुटं आत वाकून बघतोय?"

"खाणारा खाईल की," म्हणाली.

तवापासनं मी ह्याच बोलण्याचा कीस पाडतीया. विकणारी असं बोलंल का? का नुसती चांगली हाय म्हणून बोलली? चांगल्या माणसांचं हेच वाईट, मनातलं कळत न्हाय. ती हे लिहितीया आन् तोंडावरची माशीबी हलत न्हाय.

बाप येऊन जाऊ दे. मग बाकीचं.

गुरुवार

दिगू, आले होते व्याही. संगं हॉटेलवाला.

ड्रम अंगणात दगडांवर ठेवलेला, खालनं वारा खेळंल असा. आतनं जवसाच्या तेलाचा हात फिरवलेला, पातळ, नव्या तव्याला देतो तसा, आन् खाली वेड्या बाभळीचा कोळसा पेटवून तेल भाजाय लावलेलं. बाप म्हणाला, "आवर पोरी, निघू." ही म्हणाली, "तेल भाजून हू द्या. मधीच जाळ सोडला तर चिकट ऱ्हातं." मग काय, दोघं बसले. च्या झाला, जेवण झालं, माझ्या गुडघ्याची सगळी हकिकत सांगून झाली. हॉटेलवाला पेंगला. तेल भाजून आतनं काळं कुळकुळीत झालं, माझ्या भाकरीच्या तव्यागत. तवा ती उठली आन् बापाला म्हणाली,

"दादा, हा विकायचा न्हाय. फोटो धाडला तवा विकायचा होता."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"कोळशाची पोती आणायला जीप लागती."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. पर बाप हसला न्हाय. तो ड्रमाकडं बघंना, तिच्या हाताकडं बघत होता. म्हणाला, "तो परत पिऊन आला तर?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला काय ठाव, लेका? मी तुझी आज्जी हाय, जामीन न्हाय.

मग उत्कर्षाच म्हणाली, "त्याचं मला ठाव न्हाय. मी त्याच्यासाठी थांबत न्हाय. हा ड्रम मी विझवलाय, मीच पेटवणार."

पोती आणून दिली त्यानं. जाताना लेकीला न्हेलं न्हाय, माझं उरलेलं जवस तेवढं न्हेलं. पिशवी अजून खुंटीलाच हाय. मी काढाय गेले तर म्हणाली, "असू द्या."

म्हणून माझा घोर अर्धाच मिटलाय. अर्धा तुझ्याकडं हाय.

आता तिला विचारलं, दिगूला काय सांगायचं? पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाली, "लिहा." मी म्हटलं, मी कशी लिहू, पेन तुझ्याकडं हाय. हसली. त्या सांजनंतर पहिल्यांदा. मग सांगितलं ते असं: ड्रम तिचा. मासा ती लावणार, जाळापाशी तीच ऱ्हाणार. तू आलास तर तुला एकच काम हाय, राख काढायचं. रोज सकाळी, गार झाली की, ओल धरायच्या आत. ज्या सकाळी राख आत ऱ्हाईल, त्या सकाळी पिशवी खुंटीवर नसंल.

येतो म्हणून कळवू नगोस. येतो तर समदेच म्हणतात. कसा येशील ते कळव.

खाली माझा अंगठा हाय. शाई न्हाय, धुराड्याची काजळी जवसाच्या तेलात कालवलीया. त्याच्या शेजारी आणखी एक अंगठा हाय. तिला सही येती, झोकात येती, तरी तिनं अंगठाच उठवला, डाव्या हाताचा. मधी रेघा न्हाईत, कोरं ऱ्हायलंय. कागद खराब न्हाय, दिगू. नीट बघ.

तुझी आज्जी,
सोजरबाई