कुंदाचा गॅस, माझी भाकरी

१० नोव्हें., सोमवार
कुंदाला दवाखान्यातून घरी आणलं. प्राणवायूचं मशीन विजेवर चालतं. वीज गेली तर लहान टाकी. लावून देणारा म्हणाला, या खोलीत आग नको, उदबत्तीसुद्धा नको. देव्हारा याच खोलीत. समई लावली नाही. नुसताच हात जोडून उभा राहिलो.

१२ नोव्हें.
डॉक्टरांनी सोडताना विचारलेलं डोक्यातून जात नाही. "चुलीवर स्वयंपाक करता?" कुंदा लगेच, "नाय ओ डॉक्टर, आमच्याकडं बारा वर्सं गॅस हाय." मी खाली बघत राहिलो.

तसं खोटं नाही. गावात पहिला गॅस तिचाच. बायकांना घेऊन खालापूरला फेऱ्या मारल्या, कागद केले, घरोघर शेगडी पेटवायला शिकवली. शेजारच्या सुमनकाकू सिलिंडर फुटेल म्हणून अंगणात पळाल्या होत्या, त्यांना हाताला धरून आत आणलं. आमच्या आळीला विजेचा खांबही तिनंच भांडून आणला.

पण भाकरी चुलीवर. पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, गॅसच्या भाकरीला चव नाय. एकदाच म्हणालो. मग बारा वर्षं, दोन्ही वेळ, धूर.

१५ नोव्हें. एकादशी
सुमनकाकू आल्या. देव्हाऱ्यात ठेवायला विजेची पणती आणली. "कुंदे, उठ गं लवकर. माझी शेगडी भुरभुर करते, तुझ्याबिगर कोन बघनार?" कुंदा हसली. खोकला लागला, थांबेना.

दुपारी लाईट गेली. मशीन बंद, देवाची पणती बंद. टाकीची नळी लावली. लाईट येईपर्यंत तिचा हात धरून नाम घेत बसलो. मन नामात नव्हतं.

१८ नोव्हें.
पनवेलला तपासणी. डॉक्टरांना सांगून टाकलं. चूल रोज होती, माझ्यासाठी. ते म्हणाले, यापुढे धूर अजिबात नको. झालंय ते मात्र...

परतताना रिक्षात, चौक गाव मागे पडल्यावर कुंदा म्हणाली, "सगळ्या गावाला मी गॅस शिकवला. नि तुमी चारचौघांत माझी चूल सांगितलीत."

मला वाटलं होतं, डॉक्टरांपुढं ती मला पाठीशी घालत होती.

२१ नोव्हें.
तीन दिवस अबोला. साजगावच्या कंपनीत रजा वाढवून मागितली.

सकाळी गॅसवर भाकरी करायला बसलो... उभा राहिलो म्हणायचं. पहिली तव्याला चिकटली, दुसरी करपली. आतून आवाज आला, "जाळ बारीक करा." एवढंच.

तिसरी थोडी फुगली. दुधात कुस्करून दिली. तिनं दोन घास खाल्ले. तोंडून निघून गेलं, "चव हाय का गं?"

ती माझ्याकडे बघत चावत राहिली. मशीन घरघरत होतं.

वाटी अजून तिच्यापुढे आहे, तिनं बाजूला सारलेली नाही.