न सोडणारी माती

२ मे
कट्टा गावी एसटीतून उतरले, तर जानकी थांब्यावर उभीच होती. आयुष्यभर प्रयोगशाळेत माती तपासली; निवृत्तीनंतर हे काम मिळालं आणि बरं वाटलं. माझी खोली तिने ताजी सारवली आहे. माती कुणग्यातली, म्हणजे घरालगतच्या भातखाचरातली, शेण गोठ्यातलं. जमीन थंडगार. सरबत देताना तिने विचारलं, "बाईनू, मातयेक न्हाऊक घालूक इलास?" तेच करायचं आहे, माती धुवायची. तिचा नवरा गंगाराम या भाताच्या कुणग्यात पूर्वी भंगारातल्या बॅटऱ्या फोडायचा. शिसं मातीत उतरलं. तिथलं गवत खाऊन गाय गेली. यंदाही भात लावता आलं नाही, तर दोघांना घर बंद करून मुलाकडे जावं लागेल. जानकीला ते मरणच वाटतं.

गंगारामच्या हाडांत शिसं बसलंय. माझ्याही. जुन्या प्रयोगशाळांची कृपा.

५ मे
राखणदाराला, म्हणजे जमीन राखणाऱ्या दैवताला, कोंबडा द्यायचा, कुणग्यात पुरून, दरवर्षीसारखा, असं जानकी म्हणते. मी साफ नाही म्हटलं. पाला, शेण, रक्तमांस कुजून मातीत मिसळलं की ते शिशाला घट्ट धरतं. मग धुऊनही सुटत नाही. गंगाराम हसला. म्हणाला, "ह्या वर्सा तेका उपास!"

११ मे
माती हौदात घालून आम्लाच्या पाण्याने धुतली. भरपूर शिसं निघालं. कंबर मोडली, पण काम झालं.

१७ मे
आज थोडंच निघालं. नमुना भट्टीत जाळून वजन केलं. जळून जातो तो कुजका भाग. तो पहिल्या नमुन्याच्या दुपटीहून जास्त. जानकीला झापलं. तिने काही टाकलं नाही म्हणून शपथ घेतली. तिच्या कोंबड्या कुणग्यातलंच टिपून वाढलेल्या. त्या आता दिसत नाहीत.

नमुना जळताना पिसं जळल्याचा वास आला.

२३ मे
धुण्याचं पाणी नितळ. माती शिसं सोडतच नाही. पाऊस नसताना काळी, ओली. गंगाराम दुपारी माती काढायला गेला. मेरेवर, कुणग्याच्या बांधावर, त्याच्या चपला आहेत. जानकी म्हणते, कट्ट्याला गेला असेल. अनवाणी?

२४ मे
त्याच्या मनगटातलं तांब्याचं वळं कुणग्यात अर्धं वर दिसलं. ओढलं. माती सोडेना. भट्टीला आज केसांचा वास.

२५ मे
जानकीने बाजारातून कोंबडा आणून पुरला. सकाळी तो वर होता — अख्खा, अंगाला मातीचा कण नाही. ती रडत म्हणाली, "तेका कोंबो नको झालो." खरं आहे. बाजारच्या कोंबड्यात शिसं नाही.

गंगाराममध्ये होतं.

२६ मे
जानकीला बळेच धामापूरला बहिणीकडे पाठवलं. मी कुणग्यात पाय ठेवणार नाही. फार थकले. उद्या पहिल्या गाडीने ओरोसला, जिल्हा कचेरीत —

संध्याकाळ
जमीन ओली झाली आहे. सारवायला कोणी नाही — पाणी सांडलेलं नाही —

माती तिथलीच. वर शेण. पहिल्या दिवसापासून मी हिच्यावर —

मी लोखंडी खाटेवर. खाटेचे चारही पाय आत गेलेत.

हाडं जड झाली आहेत. आम्लाचा डबा दाराशी. धुतलं तर सोडेल — सोडायला हवं. हात पोचत नाही. एकच पाय टेकून —