तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ

शहागंज, औरंगाबाद
बुधवार, ९ जानेवारी १९९१

परमदोस्त कारभारीभाऊ यांस,

नूरमोहम्मद चष्मेवाल्याचा रामराम आणि सलाम, दोन्ही. (सिल्लोडच्या थंडीत एक गोठला तर दुसरा पोचेल.) तुझा गुडघा कसा आहे? वच्छलावहिनींच्या चष्म्याची दांडी पुन्हा मोडली असेल तर कृपा करून ती दोऱ्यानं बांधू नका, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवून द्या. लोक विचारतात हा चष्मा कुणाकडचा, आणि तुम्ही खरं सांगता. आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे बाळ खुशाल आहे, त्याची आई खुशाल आहे, आणि मी दुकानाच्या फळीवर झोपतो आहे. ते का, त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

एरवी तुला कार्डावर चार ओळी पुरतात. या वेळी बंद पाकीट, आणि तेही मुद्दाम मराठीत. तुझ्या दुकानासमोरच आमच्या फारूखभाईंची कापूस-व्यापाराची गादी. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा भाईंची शाळा उर्दूत संपत आली होती आणि अब्बांनी काळाचा रंग बघून मला मराठी शाळेत, नेमकं तुझ्या बाकावर आणून बसवलं. त्यामुळे हे पत्र चुकून त्यांच्या हाती गेलंच तर ते उलटं धरलंय की सुलटं, तेवढंही त्यांना समजायचं नाही. थोरल्या भावाबद्दल मोकळेपणानं लिहायला यापेक्षा चांगली सोय नाही.

तर शमशादला, म्हणजे आमच्या सुनेला, नऊ डिसेंबरला मुलगा झाला. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडेच करायचं ठरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लई कडक. पहिलं पिवळं घट्ट दूध काढून टाकायचं, असं आमच्या हसीनाबेगमचं मत (तिच्या सासूचं होतं, म्हणून तिचं). त्यावर बाईंनी तिला अशी झापली, की लग्नाला तीस वर्षं झाली, मला कधी ते जमलं नाही. ते पहिलं दूध म्हणजे बाळाची पहिली टोचणीच समजा म्हणाल्या, रोगराईला तेच अडवतं. चार-सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. मध नाही, गूळपाणी नाही, घुट्टी नाही. सर्दीखोकल्याच्या माणसानं बाळाला उचलायचं नाही, बाकीच्यांनी साबणानं हात धुवून उचलायचं, आणि मुके कुणीच घ्यायचे नाहीत. मी सगळं चष्म्याच्या बिलाच्या पाठीमागे उतरवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला वाटेल त्याच्यावर डाफरायचा परवाना दिला होता.

घरी येऊन मी काय केलं ते ऐक. नंबर काढायचा तक्ता असतो ना, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणारं, तसा एक तक्ता रंगवला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर टांगला. सगळ्यात वर, वीतभर अक्षरात, ‘हात धुवा’. त्याखाली ‘सर्दी असेल तर बाहेर बसा’. मग ‘मुका घेऊ नका’. मग ‘मध, घुट्टी, गूळपाणी बंद’. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘घरच्यांनीसुद्धा’. खाली स्टुलावर लोटा आणि साबणाची वडी, शेजारी खुर्ची, खुर्चीत मी. बाळ बघायला आलेल्या तिघांना शेवटच्या दोन ओळी दिसल्या नाहीत, त्यातल्या दोघांचे चष्मे मी तिथंच ठरवून टाकले.

पण पहारा करणं सोपं, चौकशी करणं कठीण. दोन दिवस शमशादला वाटायचं की दूध पुरत नाही. शेजारची एक बाई डब्याची पावडर घेऊन आली होती, तिला मी डब्यासकट परत पाठवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बाळ जितकं ओढेल तितकं येतं, घड्याळ बघू नका, मागेल तेव्हा छातीशी लावा. आता ही गोष्ट सासऱ्यानं सुनेला सांगायची कशी? म्हणून मी बाहेरच्या भिंतीला सांगायचो. भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचो, काही लोकांनी पोटभर जेवावं, भरपूर पाणी प्यावं आणि घाबरू नये. आतून हसीना ओरडायची की काही लोकांनी दुकानात जावं. तिसऱ्या दिवशी दूध असं आलं की बाळ पिऊन निजलं आणि मी भिंतीला शाबासकी दिली. (कय्युमनं, म्हणजे बाळाच्या बापानं, हे बघितलं आणि अब्बांना हवापालटाची गरज आहे, असं आईला सांगितलं.)

चौथ्या दिवशी फारूखभाई एसटीनं आले. हातात अजिंठ्याच्या डोंगरातल्या मधाची बाटली आणि नाकात या मोसमातला सगळा कापूस. एक शिंक दारात, दुसरी ओट्यावर. आता आमच्यातली घुट्टीची गोष्ट तुला माहीत आहे. जो माणूस बाळाला पहिलं मधाचं बोट चाटवतो त्याच्या स्वभावावर बाळ जातं, असं सगळे मानतात. कय्युमला घुट्टी भाईंनी दिली होती, आणि तो कसा निघाला तू बघतोसच! मोठा आवाज, मोकळा हात, वाटेतला माणूस ओळखीचा नसला तरी जेवायला घेऊन येणारा, आणि दुकानात पाच मिनिटं न बसणारा. सगळा शहागंज त्याला भाईंचं पोर समजतो. मला वाईट वाटत नाही. (वाटतं.)

मी भाईंना दारातच अडवलं आणि तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “नूर, नंबर तो बराबर है, अक्षरां तेरे मेरेकू नै आते.” मग मी एकेक ओळ वाचून दाखवली. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण भाईंनी नमाजाआधी वजू करतात तसे कोपरापर्यंत हात धुतले, बाटली कोनाड्यात ठेवली, म्हणाले, “डॉक्टरनी बोली ना, बस, होगया,” आणि शिंका येतात म्हणून स्वतःहून बाहेर बसले. तीन दिवस उंबऱ्यापासून चार हातांवर बसून बाळाकडे बघत होते. बाळाचं नाव त्यांनीच ठेवायचं ठरलं होतं. नाव ठरलंय, चिठ्ठी बंडीच्या खिशात आहे, रविवारी अकीक्याच्या दिवशी (आमचं बारसंच ते) वाचेन म्हणाले, आणि तोपर्यंत कुणाला दाखवेनात.

शनिवारी सकाळी बाळाला पाण्यासारखे हिरवट जुलाब सुरू झाले. अंगावर घेतलं तर ओढेना, मान टाकल्यासारखं पडून राहिलं. आम्ही तसेच दवाखान्यात पळालो. बाईंनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, बाहेरचं काय घातलं याच्या तोंडात? कय्युम घरी जाऊन कोनाडा बघून आला. बाटलीचं बूच उघडं, आणि काठाला बोट फिरवल्याचा चिकट माग. आता तूच सांग, मध कोण घेऊन आलं होतं? सगळ्यांनी भाईंकडे बघितलं. भाई एवढंच म्हणाले, “मै हात नै लगाया.” मग मी बोललो. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सुनेसमोर, पोरासमोर, तुम्हाला लहानपणापासून स्वतःचंच खरं करायची सवय आहे वगैरे पुष्कळ बोललो. भाईंनी टोपी उचलली आणि थेट एसटी स्टँड गाठला. चिठ्ठी खिशातच गेली.

बाळ तीन दिवसांत सावरलं. लगेच आणलंत म्हणून बरं झालं, आईचं दूध एक वेळसुद्धा थांबवू नका, असं बाई म्हणाल्या. शमशादनं तीन दिवस पाठ टेकली नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजत राहिली, आणि चौथ्या दिवशी बाळानं जो टाहो फोडला तो ऐकून मी भिंतीला मिठी मारली. पुढे मलाच सर्दी झाली. हसीनानं तक्त्याच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला दुकानात पाठवलं. सर्दी गेली, खोकला राहिला आहे, म्हणून मीही अजून दुकानातच आहे.

अकीका राहून गेला. आता चाळिसाव्या दिवशी, येत्या अठरा तारखेच्या जुम्म्याला, करायचा आहे. वहिनींना सलाम, लेकरांना दुवा.

तुझा,
नूरमोहम्मद

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. महिन्याचं पोर अजून बिननावाचं आहे. हसीना त्याला ‘छोटे मियाँ’ म्हणते, कय्युम ‘ओय’ म्हणतो. दुसरं नाव ठेवायला शमशाद तयार नाही. ताऊंची, म्हणजे भाईंची, चिठ्ठी येईल तेव्हाच, म्हणते. तू भाईंबरोबर रोज चहा घेतोस. बोलता बोलता ते नाव तेवढं काढून घे. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

ता. क. दुसरा : पाकीट डकवलं होतं, फोडलं. कारभारी, बाटली मी उघडली. शुक्रवारी भाई नमाजाला गेले, मी येतोच म्हणून मागं राहिलो. हसीना गच्चीवर कपडे वाळत घालत होती, शमशादचा डोळा लागला होता. एकच बोट चाटवलं. म्हटलं, एक तरी पोर माझ्यावर जाऊ दे, दुकानात बसणारं. गावाचे हात धुवून घेतले, आणि त्या घाईत स्वतःचे धुवायचे राहिले. दवाखान्यात भाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं होतं. मला वाटतं त्यांना कळलं होतं. तरी पोरासमोर ते बोलले नाहीत. मला फार लाज वाटते.

ता. क. तिसरा : चहाच्या वेळी हे सगळं पत्र भाईंना मोठ्यानं वाचून दाखव. जिथं त्यांना नावं ठेवलीत ते गाळू नकोस. आणि सांग, घुट्टी माझी लागली म्हणून आता पोर माझ्यावर जाणार. तर ते बघू-समजू लागायच्या आत मला जरा बरा माणूस व्हायचं आहे, आणि त्याला थोरला भाऊ लागतो. जुम्म्याला त्यांनी यावं. दारावर नवा तक्ता लावला आहे. सगळ्यात वर, वीतभर अक्षरात, ‘मध नूरमोहम्मदनं चाटवला’. तो उर्दूत लिहिला आहे. चष्मा नाही आणला तरी चालेल म्हणावं.