चिंध्या ठासलेली खोली

६ एप्रिल, सोम.
घरमालक आला. क्लॅरिनेट हातातच होतं माझ्या. "जो भाई, हवे अवाज आव्यो ने, तो रूम खाली." पुन्हा आवाज आला तर खोली सोडायची. बँडवाल्यांची ट्रायल वीसला. पाच गावं फिरलो, कुठं टिकलो नाही. इथं तरी... मागची खोली बंद करून टाकतो. आवाज बाहेर जायलाच नको.

९, गुरु.
आबांच्या लूमखात्यातून, यंत्रमागांच्या कारखान्यातून, पॉलिस्टरच्या चिंध्या आणल्या. आठ गोण्या. भिंतींवर पोती ठोकली, आत चिंध्या ठासल्या. खिडकी, वायरी, स्विचबोर्ड, मेन स्विच, सगळं झाकलं. बल्ब तेवढा बाहेर. दाराला स्प्रिंग, आपोआप लागतं. आधी टाळी पत्र्यावर टणटण घुमायची, आता हातातच मरते. भारी! मग मोबाइलवर उंटांची शर्यत बघत बसलो. रियाज राहिला.

१२, रवि.
आवाज जास्तच मरतो. सूर तोंडापाशीच बसतो. एक भिंत मोकळी करून प्लायवुड लावायला पाहिजे.
आबा रात्रपाळीवरून आले नि आतच झोपले. तीस वर्षं लूमवर, कान गेलेत. पण गल्लीतल्या कारखान्याची धडधड अंगाला लागते म्हणे, इथं लागत नाही. आई म्हणाली, "तुना बापले बी भर पोतामा!" खूप हसलो.

१५, बुध.
आबा उठले नि बोर्डाच्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले. मशीन तापलंय का बघतात तसे. "हाई भिताड तपेल शे."
ऊन लागतं, आबा. त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं.  हात काढला नाही.
जेवताना आठवलं, त्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचं घर आहे. ऊन कुठून?
उद्या तीच मोकळी करतो.

१६, गुरु.
नाही झालं. उधन्यात एकजण ढोलकी विकत होता, तिकडं गेलो. घेतली नाही. खोलीत वास येतो, गरम इस्त्रीखालच्या साडीसारखा. रियाज मस्त. घरमालक दाराबाहेर उभा होता, त्याला पत्ता नाही!

१७, शुक्र., कडोदरा
प्लायवुडला आलो. चहाच्या टपरीवर गप्पांत दोन तास गेले. आत्ता आईचा फोन. "लाइट फडफडी राहिना रे."
आबा?
"खोलीमा निजेल शेतस."
मेन स्विच बंद कर.
"तोबी तूच झाकी दिन्हा ना, पोताखाल."
आधी आबांना उठव, हलवून उठव, फोन ठेवू नको.
रिक्षात बसलो. फोन कानाला, वही मांडीवर. अक्षर हलतंय. आई चालत बोलत होती. भांडं लाथाडल्याचा आवाज. मग फोन बाहेर कशावर तरी ठेवल्याचा, मग दाराचा. "अहो, उठा..." एवढंच. मधेच आवाज गेला. त्या खोलीत शिरलं की असाच जातो. मीच केलंय तसं. दार मागून आपोआप लागतं.
फोन चालू आहे. रिक्षा लाल सिग्नलला थांबलीय. अजून कडोदऱ्यातच.